पाटणचा शिलालेख : ओसाड नगरांतील एक जाहीरनामा

नगर नांदतें असतें तोंवर तेथें घोषणांची उणीव नसते. दवंडीवाला चौकांत ओरडतो, व्यापारी आपल्या मालाची थोरवी गातो, राजा आपलें दान दगडावर कोरवून ठेवतो. नगर मोडलें म्हणजे दवंडी हवेंत विरून जाते आणि व्यापाऱ्याचा शब्दही विरतो. दगड मात्र जागचा हलत नाहीं. ऐकणारा कोणी उरला नसतांही तो आपली घोषणा करीतच राहतो. अशा एकाकी घोषणेचें एक ठळक उदाहरण खानदेशांत आहे.

जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटणें हें ठिकाण आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचे मांडलिक निकुंभ राजे ह्या मुलखाचा कारभार पाहात. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म शके १०३६ चा. त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणि' आदि ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून त्यानें पाटणास मठ स्थापिला. शके ११२८ मध्यें, श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणाचें पर्व साधून, निकुंभ सोइदेवानें त्या मठास उत्पन्न लावून दिलें. हा सारा वृत्तान्त तेथील शिलालेखांत आहे.

ह्या लेखाचा विशेष असा कीं, त्याची भाषा मध्येंच बदलते. राजांची व पंडितांची वंशावळ आणि स्तुति संस्कृतांत आहे. परंतु बाजारांत माल विकत घेणाऱ्यांकडून येणारी कोणती पट्टी मठास द्यावयाची, तेलाच्या घाण्यामागें किती तेल घालावयाचें, हा मजकूर येतांच लेख मराठी बोलूं लागतो. कारण उघड आहे. स्तुति विद्वानांसाठीं होती, व्यवहार तेल्या-वाण्यांसाठीं होता. आणि ज्याच्याकडून कांहीं घ्यावयाचें त्याला समजेल अशाच भाषेंत बोलावें लागतें. जाहिरातीचें हें आद्य सूत्र त्या दगडावर कोरलेलें आहे.

पुढें काळ फिरला. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर घाला घातला आणि १३१८ पर्यंत यादवांचें राज्य पूर्णपणें बुडालें. निकुंभ गेले, मठ गेला, घाणे थांबले. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी यांनीं हा लेख उजेडांत आणला, तेव्हां पाटण ओस पडलेलें होतें. रानाच्या सोबतीनें, भवानीच्या पडक्या देवळांत तो दगड जणूं अजून तेलाची वाट पाहात होता. भाऊ दाजींनीं १८६५ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि कित्येक शतकांनंतर त्या घोषणेस पुन्हां वाचक मिळाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मठाचें उत्पन्न दगडावर कोरलें होतें, तरी तें टिकलें नाहीं. ज्या ग्रंथासाठीं तो खटाटोप, तो मात्र ठिसूळ पोथ्यांवर लिहिलेला असूनही टिकला. १५८७ सालीं फैजीनें 'लीलावती' फारसींत नेली. १८१७ सालीं कोलब्रुकनें ती इंग्रजींत आणली. एका पोथीवरून दुसरी उतरली, एका शिष्यानें दुसऱ्यास शिकविलें. दगड एकटाच उभा राहिला. पोथी कधीं एकटी पडली नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर पडलेलीं जुनीं दप्तरें गोळा करीत, तें ह्याच एकाकीपणाविरुद्ध. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा अंत झाला. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यासच उभें राहिलें आणि त्यांनीं जमविलेल्या कागदांस वाचक मिळत राहिले. राज्यें बुडतात, बाजार उठतात. मागें उरलेल्या अक्षरांस निवारा पुरेसा नसतो; तीं वाचणारें कोणीतरी लागतें.