रोमंथिका पचन व आहार

रोमंथिका पचन : रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चार कप्पी जठरातील सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे रोमंथिकेत (व्यवहारात कोठीपोट), सूक्ष्मजीवांकडून होणारे चाऱ्याचे किण्वन. पूर्ण वाढलेल्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. सेल्युलोज पचविणारे एंझाइम गाई-मेंढ्यांच्या शरीरात तयार होत नाही. दावणीतला कडबा प्रथम जीवाणू, आदिजीव व कवके खातात. जनावर जगते ते त्यांनी सोडलेल्या अम्लांवर आणि त्यांच्याच देहातील प्रथिनांवर. खुराक ठरविताना हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

किण्वनातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले मिळतात. जनावराची सुमारे ७० टक्के ऊर्जेची गरज त्यांतून भागते. जोसेफ बारक्रॉफ्ट, मॅकअ‍ॅनली व फिलिपसन यांनी केंब्रिजमध्ये मेंढ्यांवर प्रयोग केले. कोठीपोटाकडून परतणाऱ्या रक्तात धमनीतील रक्तापेक्षा ही अम्ले जास्त सापडली (१९४४) आणि ती कोठीपोटाच्या भिंतीतूनच शोषली जातात हे सिद्ध झाले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आजच्या आहारशास्त्राचा हा प्रयोग एक पाया आहे.

वैरणीवर ॲसिटिक अम्लाचे प्रमाण बरेच जास्त राहते. धान्याचा भरडा वाढविला की प्रोपिऑनिक वाढते. प्रोपिऑनिकपासून यकृतात ग्लुकोज बनते, तर ॲसिटिक दुधातील स्निग्धांशासाठी लागते. वैरण कमी पडलेल्या गाईच्या दुधाला फॅट लागत नाही, याचे कारण पूर्वी एवढेच देत. अलीकडे, अर्धवट हायड्रोजनीकरण झालेली काही मेदाम्ले कासेतील स्निग्धांशनिर्मिती रोखतात, या मताकडे कल आहे.

अम्लता : निरोगी कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ असतो. रवंथ करताना सुटणारी लाळ, गाईत दिवसाला शंभर लिटरांच्या वर, तो सावरून धरते. जनावराने धान्याच्या राशीत तोंड घातले किंवा लग्नकार्यातील उरलेला भात व पोळ्या त्यास एकदम घातल्या, तर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जीवाणू झपाट्याने वाढून लॅक्टिक अम्ल साठते. सामू ५ च्या खाली उतरतो, तंतू पचविणारे जीवाणू मरतात, रवंथ थांबते, पातळ संडास लागते, अंगातले पाणी कोठीपोटात ओढले जाते. उपचारास उशीर झाल्यास जनावर दगावते. काढणीनंतर रानात शिरलेल्या मेंढ्यांना पडलेल्या कणसांपासून हाच धोका असतो. आंबोण (धान्य-पेंडीचा खुराक) वाढवायचे तर दोन-तीन आठवड्यांत, थोडेथोडे वाढवावे. सूक्ष्मजीवांची वस्ती बदलायला तेवढा अवधी लागतोच.

नत्र : सूक्ष्मजीव युरियातील अमोनियापासून प्रथिन बनवितात, त्यासाठी सोबत पचनीय पिष्ट हवे. अमोनिया त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की विषबाधा होते. भाताचा पेंढा त्याच्या वजनाच्या ४ टक्के युरिया पाण्यात विरघळवून त्या द्रावणाने भिजवून सुमारे तीन आठवडे झाकून ठेवल्यास अधिक पचतो.

गाभण मेंढी : पोटात जुळी असता शेवटच्या दीड महिन्यात आहार अपुरा पडल्यास कीटोनमयता (रक्तात कीटोन द्रव्ये साठणे) संभवते.

मिथेन : खाद्यातील ऊर्जेचा साधारण २ ते १२ टक्के भाग ढेकरांवाटे वाया जातो, निकृष्ट वैरणीवर जास्त.

तांबे : मेंढीत यकृतात सहज साठून विषबाधा होते, म्हणून गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये.