टाकाऊ डब्यातून भटक्यांची चूल
शीतपेयाच्या रिकाम्या डब्यापासून बनणारा स्पिरिटचा स्टोव्ह : रचना, इंधन आणि दक्षता

पाठीवरच्या सॅकमधील प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या पदभ्रमणकारांमध्ये शीतपेयाच्या रिकाम्या डब्यापासून बनविलेली एक छोटी चूल अनेक वर्षांपासून लोकप्रिय आहे. तळहातावर मावणारी, जेमतेम १०-१५ ग्रॅम वजनाची आणि एकही फिरता भाग नसलेली ही चूल अल्कोहोलवर, म्हणजे बोलीभाषेतील ‘स्पिरिट’वर चालते. तिला पंप नाही, पिन नाही आणि वायसरही नाही. त्यामुळे बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नाही. मात्र चूल साधी असली तरी तिच्यातील इंधन साधे नाही. म्हणूनच ती बनविण्यापूर्वी तिचे कार्य कसे चालते, तिच्यात काय जाळावे आणि ती कोठे पेटवू नये, हे समजून घेणे आवश्यक आहे.

टाकाऊ डब्याची चूल हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही. तेला-तुपाच्या पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा ठासून भरलेली भुशाची शेगडी अनेक घरांनी पाहिली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील स्पिरिटचा दिवाही सर्वांच्या परिचयाचा. या दोन्ही कल्पनांचा मेळ म्हणजे ही भटक्यांची चूल, असे म्हणता येईल.

पार्श्वभूमी

गिर्यारोहणासाठी स्पिरिटचा स्टोव्ह वापरण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. स्वीडनमधील ‘ट्रांगिया’ ही १९२५ मध्ये स्थापन झालेली कंपनी त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. वारारोधक कवच, भांडी आणि पितळी बर्नर एकात एक बसणारा तिचा संच १९५१ पासून बाजारात आहे. यातील पितळी बर्नरचे वजन सुमारे ११० ग्रॅम भरते.

डब्याच्या चुलीला खरी लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेत. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणाऱ्या सुमारे ३५०० किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन पायवाटेवर काही महिने सलग चालणाऱ्यांना हलके ओझे आणि वाटेत कोठेही मिळणारे इंधन, या दोन गोष्टींची गरज होती. गॅसची डबी प्रत्येक गावात मिळत नाही. स्पिरिट मात्र रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मोटारीच्या इंधननळीत पाणी गोठू नये म्हणून तेथे विकले जाणारे मिथेनॉलही अनेकांनी वापरले. शीतपेयाच्या डब्याचे आणि मांजराच्या खाद्याच्या पसरट डबीचे अनेक नमुने याच मंडळींच्या प्रयोगांतून तयार झाले.

कार्य कसे चालते?

ही चूल म्हणजे दुहेरी भिंतीची एक वाटी होय. मधल्या खळग्यात ओतलेले स्पिरिट आतल्या भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या खाचांतून दोन भिंतींमधील पोकळीत जाते. काडी लावल्यावर प्रथम फक्त मधले स्पिरिट जळते. त्या उष्णतेने अर्ध्या-एक मिनिटात पोकळीतील स्पिरिट उकळू लागते. इथेनॉलचा उत्कलनबिंदू सुमारे ७८ अंश, तर मिथेनॉलचा सुमारे ६५ अंश सेल्सिअस असल्याने त्यास वेळ लागत नाही. तयार झालेली वाफ वरच्या कडेवरील बारीक छिद्रांतून बाहेर पडून पेटते आणि गॅसच्या शेगडीसारखे ज्योतींचे कडे उमलते.

पितळी स्टोव्हला काकडा लावून बर्नर तापवावा लागतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. फरक इतकाच की, येथे काकड्याचे काम इंधन स्वतःच करते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तथापि आत द्रवरूप स्पिरिट असेपर्यंत डब्याचा पत्रा त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

साहित्य आणि कृती

शीतपेयाचे एकाच आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन-तीन रिकामे डबे, कात्री, कटर, अणकुचीदार टाचणी, पट्टी, मार्कर, पॉलिश पेपर आणि जाड हातमोजे एवढे साहित्य पुरते. डब्याचा पत्रा कागदासारखा पातळ असतो आणि त्याची कापलेली कड ब्लेडसारखी धारदार असते. त्यामुळे हातमोजे टाळू नयेत.

१. डबे धुऊन कोरडे करावेत. दोन डब्यांवर तळापासून तीन ते साडेतीन सेंटिमीटर उंचीवर रेघ आखून तेवढा भाग कापून घ्यावा. अशा दोन वाट्या मिळतात. एक चुलीचा तळ, दुसरी उपडी घालून वरचे झाकण.

२. झाकणाच्या वाटीच्या गोल कडेवर समान अंतरावर टाचणीने १६ ते २४ छिद्रे पाडावीत. छिद्र टाचणीच्या जाडीपेक्षा मोठे करू नये. मोठ्या छिद्रांतून वाफ सुटून जाते आणि ज्योत पिवळी, आळशी होते. छिद्रे झाल्यानंतरच मधला खोलगट भाग कापून काढावा.

३. उरलेल्या पत्र्याची सुमारे साडेतीन ते चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून तिचे कडे करावे. ही आतली भिंत. हे कडे वाटीच्या तळाच्या गोल खाचेत बसले पाहिजे आणि वर झाकणाला टेकले पाहिजे. त्याच्या खालच्या कडेला तीन लहान खाचा ठेवाव्यात.

४. दोन्ही वाट्यांचा व्यास सारखा असल्याने त्या एकमेकींत सहज जात नाहीत. न उघडलेला, भरलेला डबा खालच्या वाटीत हलकेच दाबून फिरवला की ती किंचित सैल होते. मग आतली भिंत मध्ये ठेवून झाकण खालच्या वाटीत सावकाश दाबून बसवावे.

५. डब्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ लेप आणि बाहेरून रंग असतो. पहिल्या एक-दोन वेळा पेटविताना तो जळून उग्र वास येतो. म्हणून पहिली चाचणी मोकळ्या हवेत, भांडे न ठेवता घ्यावी.

भांडे थेट चुलीवर ठेवू नये. ज्योतींना हवा मिळावी म्हणून जाड तारेच्या जाळीचे तिवईसारखे आधारकडे करून भांडे चुलीच्या साधारण तीन सेंटिमीटर वर राहील असे पाहावे. सभोवती पत्र्याचा वाराअडसर हवाच. त्याला खालून हवा येण्यास जागा ठेवावी. उघड्या वाऱ्यात अर्धी उष्णता वाया जाते आणि पाणी कोमटच राहते.

इंधनाचा हिशेब

वजनाच्या तुलनेत इथेनॉलमधील उष्णता स्वयंपाकाच्या गॅसच्या जेमतेम ६० टक्के, तर मिथेनॉलमधील त्याहूनही कमी असते. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे १६० किलोज्यूल उष्णता लागते. भांड्यापर्यंत निम्म्याहून कमी उष्णता पोहोचते, असे धरल्यास त्यासाठी २० ते २५ मिलिलिटर इथेनॉल खर्ची पडते आणि वारा नसेल तर सहा ते आठ मिनिटे लागतात.

याचा अर्थ असा की, दोन-तीन दिवसांच्या भ्रमंतीत ही चूल सर्वांत हलकी ठरते. मोठ्या गटासाठी किंवा आठवडाभराच्या मोहिमेसाठी मात्र स्पिरिटचेच ओझे वाढते आणि गॅस सरस ठरतो. ज्योत लहान-मोठी करता येत नसल्याने चहा, सूप, शेवया यांपलीकडचा स्वयंपाक हिच्यावर करू नये. भात शिजविण्याचा हट्ट धरल्यास तो तळाला लागतो. कडाक्याच्या थंडीत स्पिरिटची वाफ कमी होत असल्याने हिमालयात ती पेटविणेही जिकिरीचे होते.

कोणते स्पिरिट?

उत्तम इंधन म्हणजे इथेनॉलप्रधान डिनेचर्ड स्पिरिट. लाकडाच्या पॉलिशसाठी तेच वापरले जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल जळते, पण काजळी धरते. जेलच्या स्वरूपातील सॅनिटायझर जळून चिकट अवशेष ठेवतो आणि छिद्रे बुजतात. पिण्याच्या मद्यात निम्म्याहून अधिक पाणी असल्याने ते या चुलीत धड पेटत नाही.

मिथेनॉल जळते स्वच्छ, पण ते विष आहे. त्याच्या अल्प सेवनाने दृष्टी जाते, जीवही जातो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले होते. त्याची वाफ आणि त्वचेशी होणारा संपर्कही घातक असतो. डिनेचर्ड स्पिरिटमध्येही पिण्यास अयोग्य व्हावे म्हणून विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यामुळे कोणतेही स्पिरिट पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. वेगळ्या आकाराच्या बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे. पेट्रोल अथवा रॉकेल या चुलीत घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

अदृश्य ज्योतीचा धोका

स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. चूल विझली असे समजून बाटलीतून थेट स्पिरिट ओतणे, हे भाजण्याच्या अपघातांचे मोठे कारण आहे. ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि पेटते इंधन समोर बसलेल्याच्या अंगावर उडते. शुद्ध इथेनॉलची वाफ अवघ्या १३ अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या हवामानात ते सदैव पेटण्याच्या तयारीत असते.

चूल पूर्ण थंड झाल्याची खात्री केल्याशिवाय इंधन भरू नये. थंड झाल्यावरही ते आधी मापात काढून, बाटलीचे झाकण लावून ती दूर ठेवावी आणि मगच चुलीत ओतावे. विझविण्यासाठी चुलीवर उपडा घालता येईल असा मोठा डबा हाताशी असावा. तंबूत चूल पेटवू नये. आगीबरोबरच विषारी कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. लहान मुलांच्या शिबिरात हा प्रयोग नकोच.

जंगल आणि कायदा

चूल कलंडली तर ती विझत नाही, तर पेटते इंधन जमिनीवर पसरते. या कारणास्तव अमेरिकेत वणव्याच्या हंगामात इंधन बंद करण्याची सोय नसलेल्या चुलींवर अनेक वनक्षेत्रांत बंदी घालण्यात येते. सह्याद्रीत दिवाळीनंतर गवत वाळते आणि पावसाळ्यापर्यंत डोंगर ठिणगीची वाटच पाहत असतात. राखीव वनात धोकादायक रीतीने आग पेटविणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार, तर अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. हरिश्चंद्रगडासारखा लोकप्रिय किल्ला अभयारण्यातच मोडतो, हे विसरता कामा नये. चूल उघड्या कातळावर, गवतापासून दूर ठेवावी आणि वनखात्याची मनाई असेल तेथे ती सॅकमधून काढूच नये.

गडावर पोहोचण्याआधीच्या प्रवासाचाही विचार हवा. रेल्वेगाडीत ज्वलनशील पदार्थ नेणे १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार दंडनीय आहे. विमानातही स्पिरिट नेता येत नाही. महाराष्ट्रात स्पिरिटची विक्री व साठा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली येतो.

छंदापलीकडे

अल्कोहोलवरचा स्वयंपाक केवळ भटक्यांपुरता मर्यादित नाही. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण घरांसाठी, निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह विकसित करण्यात आला. त्यासाठी खास रचनेचा बर्नर तयार करावा लागला. इथिओपियातील निर्वासितांच्या छावण्यांमध्येही इथेनॉलच्या स्टोव्हचा वापर झाला आहे. सरपण गोळा करण्याचे कष्ट आणि धूर, या दोन्हींपासून सुटका हा त्यामागील हेतू.

डब्याची चूल या मोठ्या प्रयत्नांच्या मानाने खेळण्यासारखी आहे. घरी ती एकदा-दोनदा मोकळ्या जागेत पेटवून, किती स्पिरिटात किती पाणी उकळते याची नोंद करावी आणि मगच ती डोंगरावर न्यावी. निकामी झाल्यावर डबा जंगलात टाकू नये. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरता येते. त्यामुळे भंगारवाल्याकडे त्याला आजही मोल आहे.