फियाटच्या पोटातला दस्तऐवज

सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या राहिल्या. तरीही एखाद्या बोळात, कापडी आच्छादनाखाली, जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अजून दिसते. वडिलांनी वर्षानुवर्षे नंबर लावून मिळवलेली गाडी मुलाला विकवत नाही. एके दिवशी ती दिवे घाटात धापा टाकू लागते. इंजिनातून टकटक ऐकू येते. टॅपेट नीट बसवले, तरी आठ दिवसांत तोच आवाज पुन्हा सुरू होतो. मिस्त्री इंजिन उघडतो आणि सांगतो, 'साहेब, कॅमशाफ्ट गेला.' मग प्रश्न उभा राहतो, की दुसरा कोणता घालायचा? प्रश्न गॅरेजमधला वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासाचा आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे काय, ते आधी पाहू. हा एक बिडाचा किंवा पोलादाचा दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. चार सिलिंडरच्या फियाटमध्ये असे आठ. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा याची एक फेरी होते. उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडप उघडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. ती केव्हा उघडावी, किती उघडावी आणि किती वेळ उघडी राहावी, हे सारे त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेले असते. गाडीचा स्वभाव तिथे लिहिलेला असतो म्हणा ना!

आता हा स्वभाव आला कुठून? पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन मूळचे १९३७ सालचे. इटलीतल्या फियाट कंपनीत दान्ते जियाकोसा या अभियंत्याने ते आखले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. भारतात ते आणले सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. मोटारी बनवण्याचा तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की नुसते सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांनी एकतर इथे उत्पादन करावे, नाहीतर निघावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. प्रीमियर राहिली आणि १९५४ पासून तिची फियाट ११०० रस्त्यावर आली. पुढे १९६४ मध्ये नवी बॉडी आली, १९७० च्या दशकात 'पद्मिनी' हे नाव आले. इंजिनाचा मूळ आराखडा मात्र २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत टिकला. परवाना राज्यात ग्राहकाला निवड नव्हती, त्याचा हा परिणाम. पण त्यातूनच एक सोय झाली. एका सालच्या गाडीचे कितीतरी भाग दुसऱ्या सालच्या गाडीला चालत राहिले.

म्हणून आज मालकासमोर तीन वाटा असतात. पहिली, जुन्या साठ्यातला, कधीच न वापरलेला मूळ कॅमशाफ्ट शोधणे. दुसरी, झिजलेला शाफ्ट घासून घेणे. तिसरी, झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा 'तेज' कॅमशाफ्ट घालणे.

तिसऱ्या वाटेचा मोह मोठा असतो. तिला इतिहासाचा आधारही आहे. साध्या फियाट ११०० ची ताकद ३६ अश्वशक्ती होती. १९५३ मध्येच फियाटने तिची तेज आवृत्ती काढली आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून पन्नाशीच्या आसपास ताकद मिळवली. पण ती किमया एकट्या कॅमशाफ्टची नव्हती. दाब वाढवला होता, कार्बोरेटर बदलला होता. बाकी सगळे तसेच ठेवून नुसता तेज कॅमशाफ्ट घातला, की कमी वेगात सिलिंडरमधला दाब निसटतो. गाडी उभी असताना थरथरते, दुसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते. ज्या वेगात तिची ताकद उमलते, तो वेग खजिना विहीर चौकात मिळणार कधी? पेठेतल्या गाडीला हवी असते ती कमी फेऱ्यांतली ओढ.

घासून घेण्यात वेगळा धोका आहे. बिडाचा कॅमशाफ्ट ओतताना उंचवट्यांपाशी धातू मुद्दाम झपाट्याने थंड करतात. त्यामुळे वरचा थर कडक होतो आणि आतला भाग चिवट राहतो. घासणाऱ्याने तो थरच खरवडला, तर नवा आकार फार दिवस टिकत नाही. शिवाय उंचवट्याचा तळ खाली जातो, म्हणून पुशरॉडची लांबी आणि रॉकरची जागा पुन्हा जुळवावी लागते. तेव्हा आधी डायल गेजने प्रत्येक उंचवटा मोजावा, आकडे लिहून ठेवावेत, मगच हात घालावा. कुठलाही शाफ्ट बसवला तरी टॅपेट नवे हवेत. झिजलेला टॅपेट नव्या उंचवट्याला खातो. पहिली वीस मिनिटे इंजिन मंद ठेवू नये. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवावे, म्हणजे उंचवट्यांवर तेल उडत राहते. तेलही जस्ताचे पुरेसे प्रमाण असलेले निवडावे. आजच्या गाड्यांसाठीच्या बऱ्याच तेलांत ते कमी केलेले असते.

यात कायद्याचाही एक धागा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, इंजिन आणि सांगाड्यात मोठे फेरफार नसावेत, ही त्यातली अट. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

याच सदाशिव पेठेत १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. अस्सल कागद जपावा, वाचता न आलेले अक्षर मनाने भरू नये, ही शिस्त त्या परंपरेने आपल्याला दिली. यंत्राला हीच शिस्त का लावू नये? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. उरलेल्या गाड्या आता घराघरांतल्या आहेत. त्या कशा चालत, कशा आवाज करत, हे पुढच्या पिढीला त्यांच्याकडूनच कळणार.

म्हणून माझे मत असे, की मूळ आकाराचाच कॅमशाफ्ट घालावा. जुन्या साठ्यात मिळाला तर उत्तम. नाहीतर मूळ मापाबरहुकूम नवा करून घ्यावा. हे शक्य नाही असे समजू नका. वालचंदांच्याच सोलापुरात १९९२ मध्ये सुरू झालेला प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आला आहे. ही विद्या महाराष्ट्रात मुरलेली आहे. हवे असते ते अचूक माप. आणि ते माप असते झिजलेल्या शाफ्टवरच्या सर्वांत कमी झिजलेल्या उंचवट्यात. म्हणून जुना शाफ्ट भंगारात देऊ नका. तेल लावून, कागदात गुंडाळून, वर गाडीचे साल लिहून ठेवा. पुढच्या मिस्त्रीला तोच पुरावा लागणार आहे.