दादर–माटुंगा वसाहत

मुंबई शहरातील एक नियोजित निवासी विभाग. मध्य रेल्वेच्या दादर व माटुंगा स्थानकांच्या पूर्वेस तो वसला असून पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स व किंग्ज सर्कल (माहेश्वरी उद्यान) यांचा त्यात अंतर्भाव होतो. शाळा, बाजार, उद्यान व रेल्वेस्थानक घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असणाऱ्या परिपूर्ण वसाहतीचे हे भारतातील एक आरंभीचे उदाहरण होय.

या वसाहतीचे मूळ प्लेगच्या साथीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्‌भव झाला. उजेड व हवा यांचा अभाव असलेली दाट वस्ती हेच रोगाचे कारण होय, अशी सरकारची धारणा झाली. उंदीर व पिसवा यांच्याद्वारे होणारा रोगप्रसार पुढे सिद्ध झाला. १८९८ च्या कायद्यान्वये ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ या नावाने ओळखले जाणारे मंडळ स्थापन झाले. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे (उदा., प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड) व उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसविणे, ही त्याची दोन प्रमुख कामे होती. दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील योजना १८९९–१९०० मध्ये आखण्यात आल्या.

जमीन प्रथम सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात आणणे, रस्ते, गटारे व उद्याने यांची आखणी करणे आणि नंतरच भूखंड भाडेपट्ट्याने देणे, हा या योजनेचा विशेष होय. भाडेपट्ट्याच्या अटींमुळे इमारतींची उंची व त्यांमधील अंतर यांवर नियंत्रण ठेवता आले. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम पुरस्कारिला होता, त्यानुसार खोलीसमोरील मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मी असावी लागे. क्लॅरन्स पेरी यांनी अमेरिकेत शेजार-घटकाची संकल्पना १९२९ मध्ये मांडली. तत्पूर्वीच येथील रस्ते आखले गेले होते.

प्रत्यक्ष बांधकामास पहिल्या महायुद्धानंतर वेग आला. मंचरजी एदलजी जोशी या अभियंत्याच्या प्रयत्नाने मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून ठेवण्यात आले. त्यांनी रस्त्यांच्या कडेला लावावयाच्या वृक्षांचीही योजना केली. फिर्दोसी मार्गावर महोगनी, तर जाम-ए-जमशेद मार्गावर अशोक लावण्यात आला. हिंदू कॉलनीत मराठी, तर माटुंग्यात दक्षिण भारतीय कुटुंबे बहुसंख्येने आली. सामाईक नळ व संडास असलेल्या चाळीऐवजी स्वतंत्र ‘ब्लॉक’ ही राहणी येथे रुळली. हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज विद्यालय, माटुंग्यात १९२३ मध्ये आलेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था, तसेच रुइया व खालसा ही महाविद्यालये (१९३७) यांमुळे विभागास शैक्षणिक महत्त्व आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘राजगृह’ हिंदू कॉलनीतच आहे. ट्रस्टचे काम १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाले.

योजनेची मर्यादाही स्पष्ट आहे. ज्या गरिबांची घरे प्लेगच्या निमित्ताने पाडली गेली, त्यांना माटुंग्यातील भाडे परवडणारे नव्हते. ट्रस्टने त्यांच्यासाठी आग्रीपाडा इ. ठिकाणी चाळी (बीआयटी चाळी) बांधल्या. परंतु त्या अपुऱ्या पडल्या आणि अनेक कुटुंबे लगतच्याच गर्दीच्या वस्त्यांत शिरली. शिवाय नव्या वसाहतीची विभागणी काही अंशी समाजवार झाली. १९१४ मध्ये भारतात आलेले व पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापन करणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी सरसकट पाडकामास विरोध करून, आवश्यक तेवढेच पाडून जुनी वस्ती सुधारावी, असे प्रतिपादन केले होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या दोन-तीन मजली इमारतींच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. रस्ते व उद्याने मात्र मूळ आखणीचीच आहेत. घरांपूर्वी मोकळी जागा राखल्याने वस्ती शतकभर राहण्यायोग्य राहते, हे या वसाहतीने दाखविले. ती जागा कोणाच्या वाट्यास यावी, हा प्रश्न तिने सोडविला नाही.