छप्पर हरपलेल्यांचे दुबई

दुबईच्या खाडीपासून जवळच ऊद मेथा नावाचा भाग आहे. १९६१ साली स्थापन झालेले इंडियन हायस्कूल, १९६४ सालचा इंडिया क्लब, १९६७ साली उघडलेले सेंट मेरीज चर्च आणि पाकिस्तान असोसिएशन या संस्था तेथे शेजारी शेजारी नांदतात. शाळेस व चर्चला जमीन दिली ती शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी. परक्यांना आसरा मिळावा, ही गोष्ट आम्हां बेने इस्राएलांना नवी नाही; नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांना कोकणाने असाच हात दिला, असे आपली परंपरा सांगते.

परंतु त्या शहरात क्लबचे सभासद थोडे, मजूर पुष्कळ. आणि मजुराचे बेघरपण तेथे निराळ्याच वाटेने येते. नोकरी, व्हिसा व खोली ही तिन्ही बहुधा एकाच मालकाच्या हाती असतात. कंपनी बुडाली की पगार थांबतो, व्हिसा संपतो, खोली जाते. मुदत उलटताच दिवसागणिक दंड चढू लागतो. वकिलातीने प्रवासाचा कागद दिला तरी दंड माफ करणे इमिग्रेशन खात्याकडे. थकलेला पगार मिळवून देणे श्रम खात्याकडे व न्यायालयाकडे. निकाल लागेपर्यंत त्या माणसाने जेवावे कोठे आणि निजावे कोठे, हे मात्र कोणाच्याच दप्तरात नसे. तो भार समाजाच्या मंडळांवर पडे.

आमच्या मते २००९ हे वर्ष मोलाचे. आदल्या वर्षीच्या जागतिक मंदीने दुबईतील बांधकामे थंडावली होती. त्या साली अमिरातींनी पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे कोणी पगार थकविला, हे खोली जाण्याआधीच सरकारला कळू लागले. त्याच साली भारत सरकारने वकिलातींमधून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड सुरू केला. संकटात सापडलेल्यांचा निवास व परतीचे तिकीट यांचा खर्च त्यातून भागतो. हा पैसा बव्हंशी पासपोर्टादी कामांवरील लहानशा आकारातून जमतो. म्हणजे मजूरच मजुराला हात देतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते! पुढे २०१० साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी, राष्ट्रपती असताना, दुबईत भारतीय कामगारांच्या साहाय्य केंद्राचे उद्घाटन केले. २०१८ साली अमिरातींनी मालकाकडून प्रत्येक कामगारामागे घेण्यात येणारी ३,००० दिरहमांची बँक हमी काढून स्वस्त विमा आणला. मालक बुडाला तरी थकलेला पगार व परतीचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत त्यातून मिळावा, हा हेतू.

हे वाचताना आपल्या वडीलधाऱ्यांना १९५१ साल आठवेल. काम, घर व वागणूक यांच्या तक्रारी घेऊन आपल्यांपैकी काहींनी तेल अवीव येथे ज्यूइश एजन्सीच्या दारी धरणे धरले, आणि १९५२ साली ते मुंबईस परतले. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा इस्राएलला आले; पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

दुबईत २००७, २०१८ व २०२४ साली दंडमाफी जाहीर झाली. शेवटच्या खेपेस १ सप्टेंबरपासून दोन महिन्यांची मुदत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. अल अवीर येथील इमिग्रेशन केंद्रातच भारतीय वकिलातीने आपले मदतीचे टेबल मांडले.