नागमोडी रेघ

भाईंदरच्या आमच्या घरात आत्याच्या आवाजाची एकच सीडी आहे. गणेशोत्सवात तिने गायलेली नाट्यपदं कुणीतरी हौसेने घरच्या संगणकावर लिहून दिली होती. आत्या गेल्यावर मी ती संगणकावर उतरवून घ्यायला बसलो. प्लेअरवर सीडी स्वच्छ वाजत होती. उतरवताना मात्र तिसऱ्या पदात एका तानेवर दोन वाचनं जुळेनात.

स्वच्छ वाजणं आणि अचूक असणं यांतला फरक सीडीच्या घडणीतच आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली तिचं प्रमाण ठरवलं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. चरे पडणार हे धरूनच त्यांनी रीड आणि सॉलोमन यांच्या १९६०च्या गणिताचा आधार घेतला. गाण्याच्या दर २४ बाइटांना तपासणीचे ८ बाइट जोडले आणि लगतचे बाइट दूरदूर विखुरले, म्हणजे एका चऱ्याने सगळा स्वर जात नाही. जखम याहून मोठी असेल, तर प्लेअर मागच्यापुढच्या नमुन्यांवरून मधला अंदाजाने भरतो. माहितीच्या सीडीत २३५२ बाइटांच्या खणातले २०४८च माहितीला मिळतात. उरलेल्यांत बहुतेक जागा जादा दुरुस्तीची. गाण्याच्या सीडीत सगळे २३५२ गाण्यालाच. कानाला अंदाज चालतो, हिशेबाला चालत नाही.

पोथ्यांचे अभ्यासक हा धोका जुना ओळखतात. कसर लागलेली अक्षरं रिकामी सोडणारा लेखनिक परवडला; अर्थ जुळवून भरणारा फसवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. सुकथनकरांनी तिथे शिस्त घातली: प्रती ताडून पाहायच्या, आणि ज्या पाठाची पुरती खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ ओढायची.

'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखी आज्ञावली हेच करते. प्रत्येक खण, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, ती निदान दोनदा वाचते. ड्राइव्ह कॅशेतलं जुनंच उत्तर पुन्हा देत नाही ना, याचीही काळजी घेते. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारून दोन साक्षी होत नाहीत. बाजारातल्या सीडीचा आकडा 'ॲक्युरेटरिप'मध्ये इतरांच्या प्रतींशी ताडता येतो. आत्याच्या सीडीला दुसरी प्रतच नाही.

मी सीडी मधून कडेकडे पुसली, वेग कमी केला, दुसरा ड्राइव्ह लावला. बरेचसे खण जुळले, काही नाहीच जुळले. तान ऐकायला आजही निर्दोष आहे. तिच्यातलं आत्याचं किती आणि यंत्राचं किती, हे कान सांगू शकत नाही. म्हणून ध्वनिफितीशेजारी मी एक मजकुराची फाइल ठेवली आहे. तिच्यात एवढंच आहे: पद तिसरे, ४ मिनिटे १२ सेकंद, पाठ अनिश्चित. आमच्या घरची नागमोडी रेघ.