त्वचा, रोग आणि समाज : मध्य मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. शरीररचनाशास्त्रात त्वचेची गणना शरीराच्या आवरणपटलांमध्ये केली जाते. तोंड, अन्नमार्ग व श्वसनमार्ग यांना आतून अस्तरासारखी असणारी श्लेष्मल त्वचा, फुप्फुसे, हृदय व आतडी यांभोवतीची पातळ पटले आणि सांध्यांच्या आतील पटले ही या वर्गातील अन्य उदाहरणे. या सर्व पटलांचे मूलभूत कार्य एकच आहे, ते म्हणजे सीमा राखणे आणि त्या सीमेवरून होणाऱ्या देवाणघेवाणीचे नियमन करणे. मात्र त्वचेचे वेगळेपण असे की, ती दुसऱ्याला दिसते. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर ती रुग्णाला व वैद्यालाच कळते, त्वचेवरील चट्टा मात्र शेजाऱ्यालाही दिसतो. त्यामुळे त्वचेच्या विकारांचा इतिहास हा वैद्यकाचा इतिहास असतो, तसाच तो समाजाच्या वर्तनाचाही इतिहास असतो.

भायखळा, परळ, वडाळा आणि शीव या मध्य मुंबईतील भागांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उभ्या राहिलेल्या संस्थांच्या कार्यातून या इतिहासाचे तीन टप्पे दिसून येतात. पहिल्या टप्प्यात त्वचा हे बहिष्काराचे चिन्ह ठरले, दुसऱ्यात ती जीवनपद्धतीची नोंद म्हणून वाचली गेली आणि तिसऱ्यात ती दान करता येणारी ऊती बनली. प्रस्तुत निबंधात या तीन टप्प्यांचा विचार केला आहे.

त्वचेची रचना आणि लोकभाषेतील नावे

त्वचेचे दोन प्रमुख थर आहेत. वरची बाह्यत्वचा ही थरावर थर रचलेल्या पेशींची बनलेली असते. तिच्या तळाशी नव्या पेशी निर्माण होतात, त्या हळूहळू वर सरकतात, केराटिन या प्रथिनाने भरतात आणि मृत होऊन अगदी वरचा शृंगस्तर बनवतात. हा मृत पेशींचा थरच पाणी आत राखतो व जंतू बाहेर ठेवतो. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, स्वेदग्रंथी, केसांची मुळे आणि स्पर्श, वेदना व उष्णता यांची जाणीव करून देणारे मज्जातंतू असतात. स्पर्शज्ञान, तापमानाचे नियमन आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची निर्मिती ही त्वचेची अन्य कार्ये होत.

ही रचना ध्यानात घेतल्यास लोकव्यवहारातील एक जुना घोटाळा उलगडतो. कोड हा रंगद्रव्य पेशींचा विकार आहे. तो संसर्गजन्य नाही आणि त्यात स्पर्शज्ञान शाबूत राहते. कुष्ठरोग हा जंतुजन्य असून त्याचा मुख्य आघात मज्जातंतूंवर होतो. म्हणूनच चट्ट्यावरील बधिरता हे त्याचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते. असे असूनही कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले गेले आणि कुष्ठरोगाला ‘महारोग’ हे भयसूचक नाव मिळाले. दोन्ही विकार त्वचेवर दिसतात, एवढ्याच साम्यावरून समाजाने दोन्ही प्रकारच्या रुग्णांना दूर ठेवले.

पहिला टप्पा : बहिष्काराचे चिन्ह

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय स्थापन झाले. या महाविद्यालयातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. प्राच्यविद्यापंडित म्हणून त्यांची ख्याती मोठी असली, तरी कुष्ठरोगावर देशी औषधीचा त्यांनी केलेला प्रयोगही तितकाच उल्लेखनीय आहे. कडू कवठ या सह्याद्रीच्या परिसरात आढळणाऱ्या वृक्षाच्या बियांचे तेल त्यांनी रुग्णांवर वापरले. याच कुळातील चौलमुग्रा तेल पुढे अनेक दशके कुष्ठरोगावरील प्रमुख औषध म्हणून जगभर वापरले गेले. त्याचा गुण मर्यादित होता, परंतु हा रोग म्हणजे पूर्वकर्माचे फळ नसून उपचार करण्याजोगी व्याधी आहे, ही भूमिका त्यामागे होती. भाऊ दाजींचे निधन १८७४ मध्ये झाले.

त्याच महाविद्यालयात १८५८ पासून हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे शरीररचनाशास्त्र शिकवीत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या विख्यात ग्रंथातील आकृत्या त्यांनीच काढल्या होत्या. १८७३ मध्ये नॉर्वेतील हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. कार्टर यांनी त्याच सुमारास नॉर्वेला जाऊन तेथील कार्य पाहिले आणि रोग संसर्गजन्य असल्याचे मत भारतात मांडले. त्यातून रुग्णांना वेगळे ठेवण्याचा आग्रह पुढे आला. १८८९ मध्ये हवाई बेटांवर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने मृत्यू पावले, तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र भीतीची लाट पसरली.

या वातावरणात मुंबई महानगरपालिकेचे आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा-वडाळा परिसरात बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. तेच पुढे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठी वाचकांना ॲकवर्थ हे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच काळात हा अधिकारी शाहिरांचे शब्द गोळा करीत होता आणि रस्त्यावरील रुग्णही.

यातील ‘बेघर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १८९०-९१ मध्ये भारतात फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने संसर्गाचा धोका अल्प असून सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा संमत झाला. त्यातील अटकेच्या तरतुदी सर्व रुग्णांना लागू नव्हत्या. भिक्षा मागणाऱ्या अथवा निर्वाहाचे साधन नसलेल्या रुग्णांना पकडून आश्रयस्थानात ठेवण्याचा अधिकार त्याने दिला. अन्नपदार्थ तयार करणे, सार्वजनिक विहिरीवर स्नान करणे, भाड्याचे वाहन हाकणे अशा गोष्टींवरही त्याद्वारे बंदी घालता येत असे. सधन रुग्णाची त्वचा घराच्या भिंतीआड झाकली जात होती आणि निर्धनाची उघड्यावर दिसत होती. कायद्याने वस्तुतः रोगापेक्षा दिसणाऱ्या दारिद्र्याचे नियमन केले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो.

दुसरा टप्पा : जीवनपद्धतीची नोंद

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतीय विकृतिशास्त्राचे प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. कापडगिरण्या, चाळी आणि देशाच्या सर्व भागांतून आलेला श्रमिक वर्ग यांनी वेढलेल्या या परिसरात देशभरातून रुग्ण येत असत. सूक्ष्मदर्शकाखाली आलेल्या ऊतींच्या नमुन्यांची सांगड खानोलकरांनी रुग्णांच्या राहणीशी घातली.

१९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी लोकांच्या सवयींशी निगडित असलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिला ‘धोतराचा कर्करोग’ म्हणून ओळखला जातो. धोतर कमरेला दररोज एकाच जागी घट्ट आवळल्याने त्वचेवर वर्षानुवर्षे घर्षण होते. त्या जागेचा रंग बदलतो, त्वचा जाड व खवलेदार होते, व्रण पडतो आणि क्वचित त्यातून कर्करोग उद्भवतो. दुसरा प्रकार टाळूचा होता. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून धूम्रपान करण्याची पद्धत होती आणि त्याची आच टाळूच्या श्लेष्मल त्वचेला लागे. तिसरा प्रकार खैनीचा, म्हणजे तंबाखू व चुना यांची गोळी ओठाआड ठेवण्याच्या सवयीतून येणारा.

या तिन्ही उदाहरणांत सूत्र एकच आहे. बाह्यत्वचा आणि श्लेष्मल त्वचा यांच्या पेशी सतत विभागत असतात. जेथे दीर्घकाळ घर्षण, दाह वा रासायनिक क्षोभ होतो, तेथे ही डागडुजी अखंड चालू राहते आणि त्यात बिघाड होण्याची शक्यता वाढते. या अभ्यासाने जातीला, वंशाला अथवा दैवाला दोष दिला नाही. गाठ सैल बांधणे आणि तंबाखू सोडणे या बदलता येण्याजोग्या गोष्टींकडे त्याने बोट दाखवले. याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. घट्ट परकराच्या नाडीमुळे कमरेवर कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची नोंद २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. वेष बदलला, तरी कारण तेच राहिले.

खानोलकरांनी कुष्ठरोगाकडेही हीच दृष्टी वळवली. रोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेतील त्वचेचा ऊतिशास्त्रीय अभ्यास त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंत जंतूंचा शिरकाव कसा होतो, याकडे लक्ष वेधले. या आकलनाचा सामाजिक अर्थ मोठा आहे. कुष्ठरुग्णाची बोटे ‘सडून गळतात’, ही समजूत बहिष्काराच्या मुळाशी होती. प्रत्यक्षात मज्जातंतू निकामी झाल्याने हाताला वेदना कळत नाही. तापलेला तवा, धारदार हत्यार किंवा बोचणारे पादत्राण यांनी झालेली इजा दुर्लक्षित राहते आणि वारंवारच्या जखमांतून विद्रूपता येते. म्हणजे विद्रूपता टाळता येते. १९४० च्या दशकात आलेली सल्फोन औषधे आणि १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती यांनी रोग बरा होऊ लागला. विलगीकरणाला पूर्वीही भक्कम आधार नव्हता, आता तर त्याचे कोणतेही वैद्यकीय कारण उरले नाही.

तिसरा टप्पा : दानयोग्य ऊती

भाजलेल्या रुग्णाची समस्या वेगळी असते. त्याच्या शरीराची सीमाच नष्ट झालेली असते. शृंगस्तर गेल्यामुळे शरीरातील पाणी झपाट्याने बाहेर जाते, उष्णता टिकत नाही आणि जंतूंना वाट मोकळी होते. अशा वेळी रुग्णाची स्वतःची त्वचा पुरेशी उरली नसेल, तर तात्पुरते आवरण हाच प्राण वाचवण्याचा मार्ग ठरतो. स्टोव्हचा भडका, अंगावरील साडीने घेतलेला पेट आणि हुंड्यासाठी होणारा छळ यांमुळे भाजलेल्या स्त्रियांचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय शहरांत गंभीर बनला. परदेशी कृत्रिम आवरणे सामान्य रुग्णाला परवडणारी नव्हती.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात यावर एक साधा उपाय योजला. उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीदार पट्टीवर लावून त्यांची मलमपट्टी भाजलेल्या जखमांवर केली. सालीचे कार्य कंदातील ओलावा राखणे हेच असते आणि ते जखमेवरही साधले जाते. अशी पट्टी जखमेला चिकटत नसल्याने ती बदलताना वेदना कमी होतात. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांचे सहकारी यांनी केळीच्या पानांच्या पट्टीचा अशाच प्रकारे अभ्यास केला.

१९८८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात ऊतिपेढी सुरू झाली. गर्भाभोवतीचे आतले पातळ पटल, म्हणजेच उल्ब, प्रसूतीनंतर वारेबरोबर टाकून दिले जाते. १९१० मध्ये अमेरिकेत या पटलांचा वापर त्वचारोपणात प्रथम झाला होता. परळच्या पेढीत आवश्यक तपासण्यांनंतर हे पटल स्वच्छ करून, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाऊ लागले. तुर्भे येथे १९७४ पासून कार्यरत झालेल्या ‘आयसोमेड’ या किरणन केंद्रामुळे ते शक्य झाले. परंपरेने विटाळाशी जोडलेले एक पटल अशा रीतीने अनोळखी रुग्णाच्या जखमेवरील आवरण बनले.

२४ एप्रिल २००० रोजी लोकमान्य टिळक रुग्णालयात देशातील पहिली त्वचापेढी स्थापन झाली. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत पाठ, मांड्या व पाय यांवरील त्वचेचा केवळ वरचा पातळ थर काढला जातो. तो ८५ टक्के ग्लिसेरॉलमध्ये ४ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाला जतन केला जातो. रक्तगट जुळण्याची अट नसते. ही त्वचा रुग्णाच्या शरीरात कायमची रुजत नाही, मात्र त्याची स्वतःची त्वचा वाढेपर्यंत काही आठवड्यांची मुदत मिळवून देते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे दिसून येते की, त्वचेच्या रचनेविषयीचे ज्ञान आणि समाजाचे वर्तन यांची गती सारखी नसते. १८९१ मध्ये आयोगाने विलगीकरण अनावश्यक ठरवले, तरी १८९८ चा केंद्रीय कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नाही. बहुविध औषधोपचाराने रोग बरा होऊ लागून तीन दशके लोटल्यावर, २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले. दुसरीकडे, अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला आणि त्वचादानाला स्पष्ट कायदेशीर स्थान मिळाले. एका कायद्याने त्वचेवरून माणसाला कोंडले होते, दुसऱ्याने त्याच त्वचेला जीवनदानाचे साधन म्हणून मान्यता दिली.

ज्ञानाला अद्याप गाठायचे असलेले अंतरही स्पष्ट आहे. मृतदेह विद्रूप होईल या भीतीने त्वचादानास नकार दिला जातो. वास्तविक काढला जाणारा थर अत्यंत पातळ असतो आणि ती जागा पट्टीने झाकली जाते. कुष्ठरुग्णाला दूर लोटणारी आणि त्वचादानाला अडवणारी भीती एकाच समजुतीतून आली आहे, ती म्हणजे त्वचा हीच माणसाची ओळख होय. भायखळ्यापासून शीवपर्यंतच्या संस्थांच्या दीडशे वर्षांच्या कार्याने ही समजूत खोडून काढली आहे. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात त्वचेचे थर शिकवताना या इतिहासाचीही जोड दिली गेली, तर ते शिक्षण अधिक पूर्ण होईल.